निवृत्तीच्या पैशातील मधला कप्पा : कॉन्झर्व्हेटिव्ह हायब्रीड फंड निवडतानाचे एक प्रकरण

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात तेहेतीस वर्षे नोकरी करून एक गृहस्थ ३१ मे २०२५ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी निवृत्त झाले. भविष्य निर्वाह निधीचे ४६ लाख, ग्रॅच्युइटीचे १५ लाख, शिल्लक रजेचे ६ लाख आणि जुन्या मुदत ठेवींचे ५ लाख असे ७२ लाख रुपये जूनअखेर त्यांच्या खात्यात गोळा झाले होते. घर स्वतःचे, कर्ज काही नाही, मुलगी नोकरीला लागून मार्गी लागलेली. पत्नी सत्तावन्न वर्षांच्या, गृहिणी. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे दरमहा ४,५०० रुपये अठ्ठावन्नाव्या वर्षापासून सुरू झाले होते आणि आयुष्यभर येत राहणारे उत्पन्न म्हणाल तर तेवढेच. हिशेब समजायला सोपा जावा म्हणून या प्रकरणातील सर्व रकमा गोल केल्या आहेत.

हे दांपत्य माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्याजवळ त्यांच्या बँकेतून मिळालेले एक माहितीपत्रक होते. ते एका कॉन्झर्व्हेटिव्ह हायब्रीड फंडाचे, म्हणजे बहुतेक पैसा रोख्यांत आणि थोडा शेअरमध्ये ठेवणाऱ्या म्युच्युअल फंडाचे होते आणि त्याच्या कोपऱ्यात बँकेच्या प्रतिनिधीने पेनाने लिहून दिले होते : ‘४० लाख — दरमहा २६,०००’. म्हणजे वर्षाला ३ लाख १२ हजार, सुमारे ७.८ टक्के. गृहस्थांचा समज असा झाला होता की हे व्याज आहे, मुद्दल जसेच्या तसे राहील आणि मुदत ठेवीपेक्षा एखादा टक्का जास्त मिळेल. त्यांच्या पत्नीने मात्र पहिल्या दहा मिनिटांतच जो प्रश्न विचारला, त्यावर पुढचे सारे काम उभे राहिले : “किती मिळतील ते सगळे सांगतात. ज्या वर्षी बाजार पडेल, त्या वर्षी घर कसं चालवायचं ते सांगा.”

माहितीपत्रकातील पर्याय ‘आयडीसीडब्ल्यू’ हा होता. पूर्वी यालाच लाभांश पर्याय म्हणत असत. भांडवली बाजाराची नियामक असलेल्या सेबीने १ एप्रिल २०२१ पासून हे नाव बदलायला लावले आणि नव्या नावाचा सरळ अर्थ ‘उत्पन्नाचे वाटप तथा भांडवल काढून घेणे’ असा आहे. दरमहा येणारी रक्कम फंडाच्या नक्त मालमत्ता मूल्यातूनच, म्हणजे युनिटच्या किमतीतूनच, वजा होते, ती देण्याचे बंधन फंडावर नसते, आणि हाती आलेली पूर्ण रक्कम गुंतवणूकदाराचे त्या वर्षीचे उत्पन्न म्हणून मोजली जाते, मग तिच्यात त्याचेच मुद्दल किती का असेना. जुन्या गुंतवणूकदारांच्या तोंडी अजूनही ‘एमआयपी’, म्हणजे मंथली इन्कम प्लॅन, हा शब्द आहे. तो प्रकार आता कॉन्झर्व्हेटिव्ह हायब्रीड या गटात गेला आहे, पण दरमहा उत्पन्न मिळते हा समज लोकांच्या मनातून गेलेला नाही. मी हा पर्याय पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवायला सांगितला. फंडाचा प्रकार चुकीचा नव्हता, पण पर्याय, रक्कम आणि त्याच्याकडून धरलेली अपेक्षा या तिन्ही गोष्टी चुकीच्या होत्या.

फंडाकडे वळण्याआधी घरखर्चाचा हिशेब पाहिला. पत्नीने लाल बांधणीच्या वहीत मागच्या दोन वर्षांचा महिनावार खर्च लिहून ठेवला होता. आरोग्य विम्याचा वार्षिक हप्ता बारा महिन्यांत वाटून घेतला तेव्हा महिन्याची सरासरी ४२,००० रुपये आली. इतका नेमका आकडा घेऊन येणारी घरे थोडी असतात, आणि जिथे तो नसतो तिथे फंडाची चर्चा सुरूच करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

सरकारी हमी असलेल्या योजनांपासून सुरुवात केली. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला जास्तीत जास्त ३० लाख रुपये ठेवता येतात आणि तेव्हा तिचा दर ८.२ टक्के होता, म्हणजे तिमाहीला ६१,५०० किंवा महिन्याकाठी २०,५०० रुपये. पत्नीचे वय साठ नसल्याने आणि त्या नोकरीतून निवृत्त झालेल्या नसल्याने त्यांचे खाते उघडता येत नव्हते. टपाल खात्याच्या मासिक उत्पन्न योजनेत दोघांच्या संयुक्त खात्यात १५ लाख ठेवले, तर तेव्हाच्या ७.४ टक्के दराने महिन्याला ९,२५० रुपये येणार होते. निवृत्तिवेतनाचे ४,५०० धरून एकूण ३४,२५० रुपये झाले. खर्च ४२,०००. तूट ७,७५० रुपये.

इथवर आल्यावर गृहस्थांना हायसे वाटले. उरलेल्या २७ लाखांतून महिन्याला पावणेआठ हजार काढणे त्यांना अगदी सोपे वाटत होते, आणि मग फंडाच्या फंदात पडायचेच कशाला, सरळ मुदत ठेव करू, असे ते म्हणाले. या ठिकाणी आम्ही बराच वेळ थांबलो, कारण निवृत्तीचा हिशेब बहुतेक घरांत याच वळणावर चुकतो.

व्याजाचे आणि निवृत्तिवेतनाचे मिळून ३४,२५० रुपये पाच वर्षे तेवढेच राहणार. खर्च मात्र वाढत जाणार. खर्चवाढ वर्षाला सहा टक्के धरली तर दुसऱ्या वर्षी महिन्याचा खर्च ४४,५२० रुपये होतो आणि तूट १०,२७०. खर्च सहा टक्क्यांनी वाढला, पण तूट एका वर्षात बत्तीस टक्क्यांहून अधिक वाढली, कारण वाढीचा सगळा भार तुटीवरच पडतो. तिसऱ्या वर्षी ती सुमारे १२,९४०, चौथ्या वर्षी १५,७७० आणि पाचव्या वर्षी १८,७७० रुपये होते. पत्नीने वहीच्या शेवटच्या पानावर ‘तूट’ असे शीर्षक घालून हे पाच आकडे एकाखाली एक लिहिले, पाचही वर्षांच्या रकमा बाराने गुणून बेरीज केली आणि ती ७ लाख ८६ हजार आली. निवृत्तीच्या पैशाकडून नेमके काय हवे आहे, ते त्या पानावर स्पष्ट झाले : पहिल्या वर्षी थोडे, दरवर्षी त्याहून बरेच जास्त, आणि पाच वर्षांनी शिल्लक राहिलेली रक्कमही भरघोस हवी, कारण पुढचे आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचे असू शकते.

अशा कामासाठी मला कॉन्झर्व्हेटिव्ह हायब्रीड फंड योग्य वाटतो, मात्र एका कप्प्यापुरता. सेबीच्या ६ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकाने हायब्रीड फंडांचे गट आखून दिले. या गटातील योजनेने १० ते २५ टक्के रक्कम शेअरमध्ये आणि ७५ ते ९० टक्के रोख्यांमध्ये ठेवायची असते. ॲग्रेसिव्ह हायब्रीडमध्ये शेअरचे प्रमाण ६५ ते ८० टक्के असते. बॅलन्स्ड ॲडव्हांटेजमध्ये ते व्यवस्थापकाच्या निर्णयानुसार खालीवर होते. ‘बॅलन्स्ड’ हा शब्द ऐकून लोक या सगळ्यांना एकाच माळेत ओवतात, पण ज्या पैशाला पुढल्या वर्षापासून हात लावायचा आहे, त्याच्यासाठी यांतला फरक फार मोठा आहे.

२७ लाखांची वाटणी अशी ठरली : ४ लाख आजारपण आणि अचानक येणाऱ्या खर्चांसाठी बँकेच्या ठेवीत, १ लाख पहिल्या वर्षाची तूट भरण्यासाठी बचत खात्यात, ७ लाख निफ्टी ५० निर्देशांक फंडात, दहा वर्षे हात न लावण्याच्या बोलीवर, आणि १५ लाख कॉन्झर्व्हेटिव्ह हायब्रीडमध्ये. म्हणजे चाळीस लाखांच्या जागी पंधरा. एकूण ७२ लाखांत शेअरचा वाटा जेमतेम १० लाख होतो. तो कमी आहे असे कोणी म्हणेल आणि निव्वळ गणिताने ते खरेही आहे, पण आयुष्यात प्रथमच बाजारात उतरणाऱ्या साठीच्या माणसाने पहिल्या पडझडीत घाबरून सगळे काढून घेऊ नये, हे मला जास्त महत्त्वाचे वाटले.

आता प्रत्यक्ष निवड. गृहस्थांनी तीन योजनांची जून महिन्याची फॅक्टशीट, म्हणजे फंडाची मासिक माहितीपत्रके, छापून आणली होती आणि तीन वर्षांच्या परताव्यानुसार त्यांना पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक दिले होते. मी प्रथम त्यांना ही तीन वर्षे कुठून कुठवर येतात ते पाहायला सांगितले. जून २०२२ मध्ये निफ्टी ५० निर्देशांक १५,३०० पर्यंत खाली आला होता आणि जून २०२५ अखेर तो २५,५०० वर होता. त्याच काळात दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांवरील परतावा साडेसात टक्क्यांच्या आसपासून ६.३ टक्क्यांच्या आसपास उतरला, म्हणजे जुन्या रोख्यांच्या किमती वाढल्या. शेअर आणि रोखे दोन्हींना एकाच वेळी अनुकूल वारे मिळालेला हा काळ होता. त्या काळाच्या परताव्यावरून फंडाचा स्वभाव कळत नाही. फार तर त्याने जोखीम किती घेतली होती याचा अंदाज येतो.

या गटातील फंडाचा तीन चतुर्थांशाहून अधिक पैसा रोख्यांत असतो. तरीही फॅक्टशीट हाती घेणारे बहुतेक जण शेअरची यादी वाचतात, ओळखीच्या कंपन्यांची नावे दिसली की समाधान पावतात आणि रोख्यांचे पान उलटून टाकतात. आम्ही उलट केले आणि रोख्यांच्या पानावरच सर्वांत जास्त वेळ दिला.

पहिल्या योजनेचा परतावा सर्वांत जास्त होता. तिच्या रोख्यांचा मुदतपूर्तीपर्यंतचा परतावा ७.९ टक्के होता, तर तिसऱ्या योजनेचा ६.९. गृहस्थांना हा एक टक्का फायद्याचा वाटला. पण पतमानांकनाच्या तक्त्यात पहिल्या योजनेच्या रोख्यांपैकी ३८ टक्के ‘एए’ आणि त्याखालचे, म्हणजे सर्वोच्च ‘एएए’ मानांकनापेक्षा कमी भरवशाचे होते. वरचा एक टक्का कुठून येतो, याचे उत्तर त्या ओळीत होते. रोखे बाजारात जादा व्याज देणारा कर्जदार ते काही कारणाने देत असतो. समजा रोख्यांच्या भागातील पाच टक्के रक्कम बुडाली, तर पूर्ण फंडाच्या सुमारे ३.८ टक्के गेले. १५ लाखांवर ते ५७ हजार होतात. शेअर पडले तर कालांतराने वर येण्याची आशा असते. बुडालेल्या रोख्याची वसुली झालीच तर अर्धीमुर्धी आणि वर्षानुवर्षांनी होते. २०१८ मध्ये पायाभूत प्रकल्पांना वित्तपुरवठा करणाऱ्या आयएल अँड एफएस या कंपनीचे मानांकन काही आठवड्यांत ‘एएए’ वरून थेट ‘डी’ वर, म्हणजे परतफेड चुकल्याच्या श्रेणीत आले आणि तिचे कर्जरोखे बाळगणाऱ्या अनेक फंडांचे मूल्य एका दिवसात घसरले. त्यांत निवृत्तांचे पैसे असलेल्या योजनाही होत्या. हे प्रकरण सांगितल्यावर गृहस्थांनी फार योग्य शंका काढली : मग ‘एएए’ असले तरी काय भरवसा? म्हणूनच मानांकनाच्या जोडीने एकाच कंपनीच्या रोख्यांत फंडाचे किती टक्के आहेत, तेही पाहावे लागते. पहिल्या योजनेत सर्वांत मोठा खासगी कर्जदार फंडाच्या सात टक्क्यांवर होता.

दुसऱ्या योजनेत मानांकनाची अडचण नव्हती. जवळजवळ सगळे रोखे केंद्र सरकारचे होते. अडचण ‘मॉडिफाइड ड्युरेशन’ या शब्दांपुढे छापलेल्या ७.१ वर्षे या आकड्यात होती. व्याजदर एका टक्क्याने वाढले तर रोख्यांची किंमत साधारण या आकड्याइतक्या टक्क्यांनी घटते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. फंडात ७८ टक्के रोखे असतील, तर एक टक्का दरवाढीने पूर्ण फंड सुमारे साडेपाच टक्क्यांनी खाली येईल. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला होता. तेव्हा असे दिवस येतच नाहीत, असे मानता येत नाही. सरकारी रोख्यांत पैसे बुडण्याची भीती नसते, किमतीच्या चढउताराची मात्र असते. दर महिन्याला त्यातूनच पैसे काढायचे असतील तर तो चढउतार तूट भरून काढणाऱ्याला सोसत नाही.

तिसऱ्या योजनेत शेअर २० टक्के, त्यांतले बहुतेक मोठ्या कंपन्यांचे. रोख्यांपैकी ८७ टक्के सरकारी किंवा ‘एएए’. ड्युरेशन ३ वर्षे. एका खासगी कर्जदाराचा वाटा कुठेही चार टक्क्यांवर नाही. गृहस्थांच्या यादीत ती शेवटची होती. व्यवस्थापक किती वर्षे टिकून आहे आणि फंडाचा आकार केवढा, हेही पाहिले, पण त्यावर निर्णय अडला नाही.

पत्नीच्या मूळ प्रश्नाचे उत्तर याच योजनेवर बसवून दाखवले. २०२० मध्ये जानेवारीतील उच्चांकापासून २३ मार्चपर्यंत निफ्टी सुमारे ३८ टक्क्यांनी कोसळला होता. तशीच घसरण पुन्हा आली आणि वर्षभर सावरलीच नाही, असे धरले, तर फंडाच्या २० टक्के शेअरमुळे ७.६ टक्के जातील, ८० टक्के रोख्यांनी साडेसहा टक्के दिले तर ५.२ टक्के परत येतील. निव्वळ नुकसान २.४ टक्के. वर्षअखेर १५ लाखांचे १४ लाख ६४ हजार होतील, शिवाय त्या वर्षी काढलेले पैसे वजा. त्यांनी तो आकडा वहीत लिहून घेतला आणि म्हणाल्या, “एवढं झालं तर मी घाबरणार नाही. दोन-तीन लाख गेले असते तर झोप लागली नसती.” कोणत्याही जोखीम-प्रश्नावलीपेक्षा हे वाक्य मला अधिक उपयोगी पडले.

खर्चाचे प्रमाण, म्हणजे फंड दरवर्षी आपल्या पैशातून कापून घेतो तो खर्च, वेगळे पाहावे लागले. बँकेने सुचवलेल्या, वितरकामार्फत घ्यायच्या रेग्युलर प्लॅनमध्ये ते १.८ टक्के होते, तर निवडलेल्या योजनेच्या, थेट फंडाकडून घ्यायच्या डायरेक्ट प्लॅनमध्ये ०.९ टक्के. डायरेक्ट प्लॅन १ जानेवारी २०१३ पासून सर्व योजनांत उपलब्ध आहेत. १५ लाखांवर ०.९ टक्क्यांचा फरक वर्षाला १३,५०० रुपये होतो, म्हणजे पहिल्या वर्षाच्या जवळजवळ दोन महिन्यांची तूट. ज्या फंडाकडून आपण सहा-सात टक्क्यांचीच अपेक्षा ठेवतो, त्यातून असे पैसे झिरपू देणे मला पटत नाही. मात्र ज्यांना स्वतः व्यवहार करणे जमत नाही आणि जवळचे कोणी मदतीला नाही, त्यांनी चांगल्या वितरकाला त्याचा मोबदला द्यावा. इथे मुलगी हाताशी होती म्हणून डायरेक्ट निवडला.

करासंबंधी प्रतिनिधीचे म्हणणे असे होते की १ एप्रिल २०२३ नंतर अशा फंडांचा करलाभ गेला, तेव्हा कर वाचवायचा तर ॲग्रेसिव्ह हायब्रीड घ्या. यातले पहिले खरे आहे. या गटातील नव्या युनिटवरचा नफा, ती कितीही वर्षे ठेवली तरी, आपल्या उत्पन्न टप्प्याच्या दरानेच करपात्र होतो, तर शेअरप्रधान फंडांचा एक वर्षानंतरचा नफा वार्षिक सव्वा लाखाची सूट सोडून १२.५ टक्के दराने. पण या घराचे वार्षिक करपात्र उत्पन्न, दोन्ही योजनांचे व्याज आणि निवृत्तिवेतन मिळून, ४ लाख ११ हजार होते. २०२५-२६ या आर्थिक वर्षात नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे कर शून्य होतो, आणि टप्प्याच्या दराने मोजला जाणारा हा नफा त्या रिबेटमध्ये बसतो. जो कर भरावाच लागणार नाही तो वाचवण्यासाठी शेअरचे प्रमाण २० वरून ६५-७० टक्क्यांवर नेणे, यात शहाणपण नव्हते. भाडे किंवा मोठे निवृत्तिवेतन असल्यामुळे जे तीस टक्क्यांच्या टप्प्यात आहेत, त्यांचा हिशेब निराळा येईल. त्यांनी शेअरप्रधान फंडांसारखा कर लागणाऱ्या इक्विटी सेव्हिंग्ज गटाचा जरूर विचार करावा.

पैसे हप्त्याहप्त्याने गुंतवायचे की एकदम, यावर फार खल केला नाही. १५ लाखांतले शेअर ३ लाखांचेच. त्यासाठी सहा महिने रक्कम अडकवून ठेवण्यात अर्थ नव्हता. मात्र सगळे एकाच फंडघराकडे ठेवायला मी नकार दिला. एप्रिल २०२० मध्ये एका मोठ्या फंडघराने सहा रोखे योजना गुंडाळल्या, तेव्हा तिथल्या गुंतवणूकदारांना पैशासाठी ताटकळत बसावे लागले होते. म्हणून ९ लाख तिसऱ्या योजनेत आणि ६ लाख, त्याच कसोट्या लावून निवडलेल्या, दुसऱ्या फंडघराच्या योजनेत गेले. दोन्ही ठिकाणी खाते संयुक्त, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीचे, आणि वारस म्हणून मुलीचे नामांकन.

दोन्ही योजनांत ग्रोथ, म्हणजे नफा न वाटता फंडातच ठेवणारा पर्याय घेतला आणि पैसे काढण्यासाठी एसडब्ल्यूपी, म्हणजे ठरावीक रक्कम दरमहा खात्यात आणणारी सोय, ऑगस्ट २०२६ पासून लावली. गुंतवणूक जुलै २०२५ मधली असल्याने एक वर्षाच्या आत काढल्यास लागणारा एक टक्का एक्झिट लोड त्यामुळे टळतो, आणि तोवरची तूट बाजूला काढलेल्या एक लाखातून भागते. पहिला हप्ता दोन्ही मिळून १०,३०० रुपयांचा आहे. दरवर्षी जूनमध्ये वहीतल्या प्रत्यक्ष खर्चावरून तो नव्याने ठरवायचा. आपोआप वाढीची सोय असली तरी ती मी मुद्दाम वापरायला सांगितली नाही, कारण वर्षातून एकदा वही आणि फॅक्टशीट शेजारी ठेवून बसणे या घराला हिताचे आहे. त्या बैठकीत तीनच गोष्टी पाहायच्या : ड्युरेशन चारच्या वर गेले का, ‘एए’ आणि त्याखालचे रोखे वीस टक्क्यांवर गेले का, आणि शेअर पंचवीसच्या मर्यादेला टेकले आहेत का. परतावा नंतर पाहायचा.

फंडाने सरासरी सहा टक्के दिले तरी पाच वर्षांची तूट भागवून १५ लाखांपैकी सुमारे १२ लाख शिल्लक राहतात. त्या सुमारास, २०३० च्या मध्यावर, ज्येष्ठ नागरिक योजनेचे ३० लाख आणि टपालाचे १५ लाखही मुदत पूर्ण करून परत येतील. पहिलीची मुदत तीन वर्षांनी वाढवता येते, पण तेव्हा लागू असलेल्या दराने. तो किती असेल ते आज ठरवता येत नाही. पत्नी तोवर साठ ओलांडलेल्या असतील आणि त्यांच्या नावाने स्वतंत्र खाते उघडता येईल. वहीत ‘तूट’ या शीर्षकाखाली पाच आकड्यांनंतर त्यांनी सहाव्या वर्षाची ओळ आखून ठेवली आहे आणि तिच्यापुढे अजून काही लिहिलेले नाही.